पणजीचा घटस्फोट शोधताना : विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ब्रिटनमधील कागदपत्रे कशी धुंडाळावीत

माझ्या नवऱ्याच्या आजीच्या कपाटात तिच्या आईचे दोन विवाह-दाखले सापडले, एक १९०९ सालचा आणि दुसरा १९२४ च्या डिसेंबरातला. पहिला नवरा लढाईत गेला, असे त्या इंग्रज घरात तीन पिढ्या सांगत आल्या होत्या आणि ते एका अर्थी खरेही होते. तो लढाईत गेला आणि धडधाकट परतही आला. फक्त या घरी आला नाही. दुसऱ्या दाखल्यावर वैवाहिक स्थितीच्या रकान्यात 'विधवा' असे नव्हते. तिथे कारकुनाने बारीक अक्षरात, ती अमुक माणसाची घटस्फोटित पत्नी असल्याचे नोंदवले होते. तिथून सुरू झालेल्या शोधात मी बऱ्याच चुका केल्या. त्यातली सर्वांत मोठी चूक अशी की, त्या काळचा कायदा न वाचताच मी फाइल शोधायला बसले. ज्यांचे नातेसंबंध ब्रिटिश घराण्यांशी जुळले आहेत, किंवा ज्यांच्या घराण्यात खडकी-देवळालीच्या छावण्यांत राहून गेलेला कुणी गोरा पूर्वज आहे, अशा मराठी वाचकांना ती चूक टाळता यावी म्हणून कामाचा क्रम येथे सविस्तर देत आहे.

आधी त्या वर्षीचा कायदा

इंग्लंड आणि वेल्समध्ये न्यायालयातून घटस्फोट मिळण्याची सोय १८५७ च्या कायद्याने झाली आणि १ जानेवारी १८५८ पासून अमलात आली. त्यापूर्वी विवाह पूर्णपणे मोडून पुन्हा लग्न करायचे, तर पार्लमेंटात खासगी विधेयक मंजूर करून घ्यावे लागे, आणि ते अर्थातच मूठभर धनिकांनाच परवडे. १८७० च्या दशकातील फेररचनेत हे काम हायकोर्टाच्या प्रोबेट, डिव्होर्स आणि ॲडमिरल्टी विभागाकडे गेले. मृत्युपत्रे, काडीमोड आणि जहाजांचे अपघात असे तिन्ही विषय एकाच विभागात कोंबलेले असल्याने वकील मंडळी त्याची बरीच थट्टा करत. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की पहिले महायुद्ध संपेपर्यंत हे सारे दावे लंडनमध्येच चालत. कंबरलंडच्या खाणकामगाराला घटस्फोट हवा असेल, तर त्याला साक्षीदारांसह लंडन गाठावे लागे, आणि हा खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा असे. १९११ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अवघे ५८० घटस्फोट झाले, यामागे संसारांच्या सुखापेक्षा हा खर्चच अधिक आहे. युद्धानंतर, १९२१ साली, तोच आकडा ३,५२२ वर गेला. तरीही तो लोकसंख्येच्या मानाने किरकोळच होता. म्हणून पहिली खूणगाठ अशी बांधावी की, तुमचे पूर्वज वेगळे राहत होते एवढ्यावरून त्यांचा घटस्फोट झाला होता, असे मुळीच मानू नये.

दुसरी गोष्ट त्याहून निर्णायक आहे. १९२३ पर्यंत नवऱ्यासाठी आणि बायकोसाठी कायदा एकच नव्हता. नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे असे. पत्नीला मात्र नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध करून त्याला आणखी एखाद्या अपराधाची जोड द्यावी लागे : क्रूरता, दोन वर्षे किंवा अधिक काळ केलेला त्याग, द्विभार्याविवाह, निषिद्ध नात्यातील संबंध, किंवा बलात्कारासारखा गुन्हा. त्यामुळे १९०५ किंवा १९१५ सालच्या एखाद्या पत्नीच्या अर्जात मारहाणीची वर्णने ओळीने आली असतील, तर ती खरी असतीलही. पण ती तिथे का आली, हे कायदाच सांगतो. त्यांच्यावाचून अर्ज टिकलाच नसता.

या काळातल्या पत्नींनी वापरलेली एक आडवाट मराठी वाचकांना लगेच कळेल, कारण तिचे नाव आपल्याकडे रखमाबाईंच्या खटल्यामुळे माहीत आहे : दांपत्य हक्कांची पुनःस्थापना. रखमाबाईंच्या नवऱ्याने हाच दावा १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात लावला आणि १८८७ मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल तिथे लागला. योगायोग असा की इंग्लंडमध्ये १८८४ च्याच कायद्याने हा हुकूम न पाळल्याबद्दलची कैद रद्द झाली होती, आणि तिच्या जागी वेगळाच परिणाम आला होता. हुकूम न पाळणाऱ्याने जोडीदाराचा त्याग केला असे तात्काळ धरले जाई, दोन वर्षे थांबावे लागत नसे. वकिलांनी यातून सरळ हिशेब मांडला. पत्नीने नवऱ्याला 'परत या' असे पत्र लिहायचे, तो यायचा नाही. मग नांदण्याचा हुकूम मिळवायचा, तोही तो पाळायचा नाही. की त्याग सिद्ध, त्यात व्यभिचाराची जोड दिली की घटस्फोट. त्यामुळे अशा फायलींत सापडणारी, वरवर फार हळवी वाटणारी पत्रे वाचताना सावध राहावे. त्यांतली कित्येक सॉलिसिटरच्या कचेरीत आकार घेतलेली असतात.

१९१४ मध्ये गरीब पक्षकारांसाठी नवी नियमावली आली आणि ज्यांना आजवर कोर्टाची पायरी चढता आली नव्हती, अशी माणसे प्रथमच या कागदपत्रांत दिसू लागतात. १९०९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने १९१२ च्या अहवालात स्त्री-पुरुषांना समान निकष लावावेत, अशी शिफारस केलीच होती. ती युद्धामुळे रखडली आणि १९२३ च्या जुलैत कायदा होऊन पत्नीलाही केवळ व्यभिचाराच्या आधारावर अर्ज करता येऊ लागला. त्याग, क्रूरता आणि असाध्य वेड ही स्वतंत्र कारणे मात्र १९३७ च्या कायद्याने, १ जानेवारी १९३८ पासून मिळाली. खासदार ए. पी. हर्बर्ट यांनी तो पार्लमेंटात लढवला म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आमच्या पणजीचे कोडे इथेच सुटले. तिच्या नवऱ्याने १९१९ मध्ये घर सोडले तेव्हा दोघांनी परस्परसंमतीने विभक्त राहण्याचा करार केला होता, आणि तो दर आठवड्याला ठरलेली रक्कम पाठवत होता. संमतीने वेगळे झालेल्यांच्या बाबतीत 'त्याग' सिद्ध होत नाही. मारहाण कधी झालीच नव्हती. म्हणजे तो दुसऱ्या बाईबरोबर राहतो हे ठाऊक असूनही १९२३ च्या जुलैपर्यंत तिच्या हाती काहीच नव्हते. मी १९१९ ते १९२२ ही चार वर्षे महिनेच्या महिने चाळत बसले होते. कायदा आधी वाचला असता, तर १९२३ चा शरद ऋतू सोडून दुसरीकडे पाहिलेही नसते.

काळाची चौकट आवळणे

कायद्याचा नकाशा डोक्यात बसला, की दोन तारखा निश्चित कराव्यात : दोघे एकत्र राहत असल्याचा शेवटचा पुरावा आणि वेगळे झाल्याचा पहिला पुरावा. त्यासाठी १९११ ची जनगणना उत्तम आहे, कारण तिच्यात विवाहाला किती वर्षे झाली, मुले किती झाली आणि त्यांपैकी किती हयात आहेत, हे विवाहित स्त्रियांच्या बाबतीत विचारले होते. १९ जून १९२१ च्या जनगणनेत 'घटस्फोटित' अशी नोंद प्रथमच घेतली गेली आणि इंग्लंड-वेल्समध्ये १६ हजारांहून थोड्या अधिक लोकांनी ती करवली. ही संख्या खऱ्यापेक्षा कमी असणार, याबद्दल मला शंका नाही. शेजारीपाजारी ज्या बाईला विधवा समजत, ती जनगणनेच्या कागदावरही विधवाच राहणे पसंत करी. एकाच नवरा-बायकोपैकी ती एका गावात 'विधवा' आणि तो दुसऱ्या गावात 'विधुर' म्हणून नोंदलेला सापडला, तर चकित होऊ नये. खूश व्हावे, कारण योग्य माणसे सापडल्याची ती खूण आहे.

१९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत भस्मसात झाली आणि १९४१ ची झालीच नाही. ती पोकळी २९ सप्टेंबर १९३९ च्या राष्ट्रीय नोंदवहीने भरून निघते. तिच्यात जन्मतारीख आणि वैवाहिक स्थिती दोन्ही दिलेली आहेत, आणि घटस्फोटितांपुढे रोमन 'डी' हे अक्षर आहे. मधल्या वर्षांसाठी मतदारयाद्या वापराव्यात. १९१८ पासून तीस वर्षांवरील बहुतेक स्त्रियांना मताधिकार मिळाल्यामुळे त्यांत पती-पत्नी एकाच पत्त्यावर कोणत्या वर्षापर्यंत होते, हे वर्षागणिक पाहता येते. १९१६ आणि १९१७ मध्ये मात्र याद्या निघाल्याच नाहीत. नवरा सैनिक असेल, तर पहिल्या महायुद्धातील सेवा-फाइलही पाहावी. निम्म्याहून अधिक फायली १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. पण वाचलेल्या फायलींत पत्नीला मिळणाऱ्या विभक्त-भत्त्याचे कागद असतात, आणि तो भत्ता कधी, कोणत्या कारणाने थांबला, याची नोंद कधीकधी थेट वर्मावर बोट ठेवते.

चौकटीचा दुसरा काठ म्हणजे पुनर्विवाह. इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसची विवाहसूची त्रैमासिक आहे आणि १९१२ च्या पहिल्या तिमाहीपासून तिच्यात जोडीदाराचे आडनावही दिलेले आहे, त्यामुळे त्यानंतरचे लग्न हुडकणे पुष्कळच सोपे होते. मात्र सूचीवर थांबू नये. दाखल्याची प्रत मागवावी, कारण 'घटस्फोटित' हा शब्द फक्त दाखल्यावर असतो. शोधताना स्त्रीच्या माहेरच्या आणि पहिल्या सासरच्या अशा दोन्ही आडनावांनी शोधावे. घटस्फोटानंतर बहुतेक स्त्रिया पहिल्या नवऱ्याचेच आडनाव चालवत.

फाइल शोधणे

एवढी तयारी झाल्यावरच लंडनच्या क्यू भागातील नॅशनल आर्काइव्ह्जच्या कॅटलॉगकडे वळावे. घटस्फोटाच्या फायली ज्या मालिकेत आहेत, तिचा संकेत रोमन 'जे' हे अक्षर आणि ७७ हा अंक असा आहे. शोधाच्या चौकटीत आडनाव टाकावे, मालिकेचा संकेत टाकावा आणि वर्षांची मर्यादा अर्ज दाखल होण्याच्या वर्षाभोवती ठेवावी, पुनर्विवाहाच्या वर्षाभोवती नव्हे. १८५८ ते १९२७ या काळातल्या जवळपास सगळ्या फायली टिकून आहेत, १९३७ पर्यंतच्या बहुतेक आहेत, आणि त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या नष्ट करण्यात आल्या. १९३० च्या दशकातल्या पूर्वजाची फाइल मिळाली नाही, तर दोष तुमच्या शोधाचा नसून नोंदी छाटणाऱ्यांचा असण्याची शक्यता धरून चालावे.

कॅटलॉगमधल्या नोंदीची भाषा थोडी फसवी आहे. मूळ अर्जदाराला तिथे 'अपेलंट' म्हटले आहे. ते पाहून हे अपील आहे, अशी समजूत करून घेऊ नये. त्याच्यापुढे 'रिस्पॉन्डंट' म्हणजे जाबदेणारा जोडीदार, आणि नवऱ्याचा अर्ज असल्यास 'को-रिस्पॉन्डंट' म्हणजे पत्नीचा कथित प्रियकर. हा तिसरा माणूस केवळ साक्षीपुरता नसे. नवरा त्याच्याकडून नुकसानभरपाईही मागू शके आणि ती किती, हे ज्यूरी ठरवी. उलट पत्नीच्या अर्जात 'दुसरी बाई' ही सहसा पक्षकार नसे, म्हणून तिचे नाव कॅटलॉगमध्ये दिसत नाही. ते आत अर्जाच्या मजकुरात सापडते. नोंदीच्या शेवटी दाव्याचा प्रकार रोमन आद्याक्षरांनी दिलेला असतो : एचडी म्हणजे नवऱ्याचा घटस्फोटाचा अर्ज, डब्ल्यूडी म्हणजे पत्नीचा, डब्ल्यूजेएस म्हणजे पत्नीचा न्यायिक विभक्ततेचा (विवाह न मोडता वेगळे राहण्याचा), आणि डब्ल्यूआरसीआर म्हणजे पत्नीचा दांपत्य हक्कांसाठीचा. १९२३ पूर्वीचा हा शेवटचा प्रकार दिसला, तर त्याच जोडप्याची त्यानंतरची डब्ल्यूडी नोंद असेलच, असे धरून पुढची दोन वर्षे तपासावीत.

१९१८ पर्यंतच्या फायलींच्या प्रतिमा ॲन्सेस्ट्री या सशुल्क संकेतस्थळावर आहेत. त्यानंतरच्या फायलींसाठी क्यूला स्वतः जावे, किंवा प्रत मागवावी. स्वतः जाणार असाल तर वाचक-ओळखपत्र मोफत मिळते; ओळख आणि पत्ता यांचे दोन पुरावे न्यावेत आणि पेन घरी ठेवावे, कारण वाचनगृहात शिसपेन्सिलच चालते. भारतातून मागवताना आधी थोडे शुल्क भरून फाइलची पाने मोजवून घ्यावी लागतात, मग प्रतींचा खर्च कळवला जातो. लढत दिलेल्या दाव्याची फाइल शंभर पानांच्याही वर जाते. तेव्हा तयारी ठेवून मागणी नोंदवावी.

फाइल वाचणे

आमची फाइल उघडली तेव्हा प्रथम हाताला लागला तो कडेने शिवलेला, मधोमध घडी पडलेला फुलस्केप अर्ज. त्याची परिच्छेदांची रचना ठरीव असते. पहिल्या कलमात विवाह कधी, कुठल्या चर्चमध्ये किंवा नोंदणी कचेरीत झाला आणि वधूचे माहेरचे नाव काय. दुसऱ्यात विवाहानंतर ते कुठे कुठे राहिले. तिसऱ्यात मुले, त्यांच्या जन्मतारखांसह. त्यानंतर अधिवास, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कायमचे घर ज्या देशात तो, आणि व्यवसाय. आणि मग आरोप, तारीखवार. वंशावळ लिहिणाऱ्याला पहिली तीन कलमे म्हणजे सोन्याची खाणच. जनगणनेत दहा वर्षांतून एकदा दिसणारे कुटुंब इथे घर बदलत बदलत चालताना दिसते. आमच्या अर्जात चार पत्ते होते, त्यांतले दोन आम्हाला ठाऊकही नव्हते, आणि एक मूल असे होते जे घरात कुणी कधी उच्चारलेच नव्हते : १९१३ मध्ये जन्मून पुढच्याच वर्षी गेलेली मुलगी.

अर्जासोबत त्याच्या खरेपणाची ग्वाही देणारे प्रतिज्ञापत्र असते. त्यात अर्जदार आणि जोडीदार यांचे संगनमत नाही, अशी शपथ घ्यावी लागे, कारण दोघांनी ठरवून घटस्फोट घेणे तेव्हा बेकायदा होते. दोघांनाही सुटका हवी आहे हे कोर्टाला कळले, तर ती मिळत नसे, असा हा उफराटा कारभार. त्यातूनच १९२० आणि १९३० च्या दशकांतील ते प्रसिद्ध 'हॉटेलचे बिल' आले. नवरा ब्रायटनसारख्या समुद्रकाठच्या गावी एका अनोळखी बाईबरोबर खोली घेई, सकाळी चहा घेऊन येणारी मोलकरीण दोघांना पाही, बिल पत्नीच्या वकिलाकडे पोहोचे, आणि मोलकरीण कोर्टात येऊन ओळख पटवून देई. अशा फाइलमध्ये प्रियकर-प्रेयसीचा खरा इतिहास शोधू नये. त्या खोलीत रात्रभर पत्ते खेळले गेले असण्याचीही शक्यता असते. आरोपांची ठिकाणे आणि तारखा वाचून निर्णय करावा. एकच रात्र, हॉटेल आणि 'अनोळखी स्त्री' असेल, तर बनाव. महिनोन्‌महिने एकाच घरी राहणे आणि बाईचे नाव असेल, तर बहुधा वस्तुस्थिती.

यापुढच्या कागदांत समन्स बजावल्याचा दाखला पाहावा, कारण जाबदेणारा प्रत्यक्ष कुठे सापडला, तो पत्ता त्यावर असतो. नवऱ्याने उत्तर दाखल केले असेल, तर ते अर्जाच्या बरोबरीने, शेजारी ठेवून वाचावे. उत्तर नसेल, तर फाइलमध्ये फक्त एकाच बाजूचे म्हणणे आहे, हे विसरू नये. अर्जदाराने स्वतःही व्यभिचार केला असेल, तर तो कबूल करून कोर्टाची मेहेरबानी मागावी लागे. अशी कबुली आढळली, तर पुनर्विवाहातल्या जोडीदाराची ओळख कितीतरी आधीपासूनची होती, हे कळते. पोटगीचे, मुलांच्या ताब्याचे आणि खर्चाचे हुकूम त्यानंतर येतात. पोटगीच्या वादात नवऱ्याच्या मिळकतीचा तपशील असतो. तो सोडू नये.

मग दोन हुकूमनामे. पहिला 'डिक्री नायसाय', म्हणजे सशर्त हुकूमनामा. दुसरा 'डिक्री ॲब्सोल्यूट', म्हणजे अंतिम. मध्ये साधारण सहा महिन्यांचे अंतर ठेवण्याचा नियम होता, आणि त्या अवधीत किंग्ज प्रॉक्टर हा सरकारी अधिकारी संगनमत किंवा लपवाछपवी उघड करून पहिला हुकूमनामा रद्द करवू शके. म्हणून पहिला हुकूमनामा सापडला की शोध संपला, असे समजू नये. त्यावर लग्न मोडत नसे. मोडायचे ते दुसऱ्यावर. आमच्या फाइलमधला दुसरा १९२४ च्या नोव्हेंबर अखेरचा आहे. पुढच्या तीन आठवड्यांत तिचे लग्न लागले.

फाइल नष्ट झालेली असेल, तर अंतिम हुकूमनाम्याची प्रत तरी मिळते. तिची १८५८ पासूनची सूची लंडनच्या सेंट्रल फॅमिली कोर्टाकडे आहे. डी ४४० हा अर्ज भरून दोघांची नावे आणि वर्षे द्यावीत, दर दहा वर्षांच्या शोधाला ठरावीक शुल्क आहे. त्या एका कागदावर पक्षकारांची नावे, विवाहाचे ठिकाण आणि दोन्ही हुकूमनाम्यांच्या तारखा यांपलीकडे फारसे काही नसते, पण घटस्फोट झाला होता हे पक्के होते.

वर्तमानपत्रे

१९२६ च्या कायद्याने घटस्फोटाच्या खटल्यांतील साक्षी छापायला बंदी केली. पक्षकार, आरोपांचे संक्षिप्त स्वरूप, कायद्याचे मुद्दे आणि निकाल एवढेच छापता येऊ लागले. त्यापूर्वी मात्र वृत्तपत्रे मोलकरणींच्या साक्षी शब्दशः छापत, आणि फाइलमध्ये साक्षी सहसा नसतातच. म्हणून १९२६ पूर्वीच्या दाव्यासाठी ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह अवश्य चाळावे, आणि कुटुंब वेल्समधले असेल, तर वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा मोफत वृत्तपत्र-संग्रहही. नवरा जिथला, तिथले स्थानिक साप्ताहिक लंडनच्या दैनिकापेक्षा अधिक लिहिते. बातमी सुनावणीच्या आठवड्यातली असते, म्हणजे पहिल्या हुकूमनाम्याची तारीख हाती असेल तर शोध पाच मिनिटांचा.

घटस्फोटच झाला नसेल तर

बहुसंख्य वाचकांचा शोध इथे येऊन थांबेल. गरीब घरांतली पत्नी हायकोर्टात न जाता गावच्या दंडाधिकाऱ्यांपुढे जाई. १८९५ च्या कायद्याने मारहाण, त्याग किंवा सततचे हाल या कारणांवर विभक्त राहण्याचा आणि आठवड्याच्या पोटगीचा हुकूम तिला तिथे स्वस्तात मिळे. १९०२ मध्ये नवऱ्याचे दारूचे व्यसन हेही कारण झाले. हे कागद क्यूला नसून त्या त्या कौंटीच्या अभिलेखागारात, स्थानिक दंडाधिकारी न्यायालयाच्या नोंदवह्यांत असतात. या हुकुमाने वेगळे राहता येई, पुन्हा लग्न करता येत नसे. मग लोक काय करत? कुणी लग्नावाचून एकत्र राहत आणि शेजाऱ्यांना नवरा-बायको म्हणून सांगत. कुणी दुसऱ्या गावी जाऊन सरळ दुसरे लग्न लावत. १८६१ च्या कायद्यानुसार द्विभार्याविवाहाला सात वर्षांपर्यंत शिक्षा होती, पण जोडीदार सलग सात वर्षे बेपत्ता असून तो हयात असल्याचे माहीत नसेल, तर गुन्हा होत नसे. पुनर्विवाहाच्या दाखल्यावर 'अविवाहित' किंवा 'विधुर' लिहिलेले असून पहिली पत्नी हयात असल्याचा पुरावा मिळाला, तर हीच शक्यता आधी तपासावी.

मुलांच्या नोंदीही इथे बोलतात. १९२६ च्या कायद्याने आईबापांनी नंतर लग्न केल्यास मूल औरस ठरू लागले, पण जन्माच्या वेळी दोघांपैकी कुणाचेही लग्न तिसऱ्या व्यक्तीशी झालेले असेल, तर नाही. ही अट १९५९ पर्यंत टिकली. जन्माच्या नोंदीत दुरुस्ती का झाली नाही, याचे उत्तर कित्येकदा एवढेच असते की अंतिम हुकूमनामा येण्याच्या दोन महिने आधी बाळ जन्मले होते.

इंग्लंडबाहेर

स्कॉटलंडचे सारेच निराळे. तिथे सोळाव्या शतकापासून स्त्री आणि पुरुष दोघांनाही व्यभिचार किंवा चार वर्षांचा त्याग यांवर घटस्फोट मिळे. दावे एडिंबराच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये चालत आणि कागद नॅशनल रेकॉर्ड्‌स ऑफ स्कॉटलंडकडे आहेत. तिथली सर्वांत सोपी युक्ती अशी : स्कॉटलंड्स-पीपल या संकेतस्थळावर विवाहनोंदीची प्रतिमा काढावी आणि समासात दुरुस्त-नोंदवहीचा उल्लेख आहे का, ते पाहावे, घटस्फोट झाला असेल तर तिथून थेट हुकूमनाम्याच्या तारखेला पोहोचता येते. आयर्लंडमध्ये न्यायालयीन घटस्फोटच नव्हता. आयर्लंडच्या फाळणीपूर्वी वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटात खासगी विधेयक आणावे लागे.

हिंदुस्थानात राहिलेल्या ब्रिटिश कुटुंबांसाठी १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा लागू होता आणि मुंबई इलाख्यातले दावे मुंबई हायकोर्टापुढे येत. जिल्हा न्यायाधीशाने दिलेला हुकूमनामाही हायकोर्टाच्या मंजुरीवाचून पक्का होत नसे. १९२१ मध्ये इंग्लंडच्या कोर्टाने असा निकाल दिला की, ज्यांचा अधिवास इंग्लंडचा आहे, त्यांचा विवाह हिंदुस्थानातले कोर्ट मोडू शकत नाही. एका फटक्यात कित्येकांचे दुसरे संसार बेकायदा ठरण्याची वेळ आली आणि त्याच वर्षी घाईने कायदा करून ते घटस्फोट वैध करावे लागले. कायमची सोय १९२६ च्या कायद्याने झाली. म्हणून पुणे किंवा मुंबईच्या छावणीतल्या पूर्वजाचा १९२१ पूर्वीचा घटस्फोट इंग्लंडच्या फायलींत मिळाला नाही, तर तो झालाच नाही असे म्हणू नये. अशा कुटुंबांचे विवाह ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस अभिलेखांतील मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदींत आहेत आणि त्यांचा मोठा भाग फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पाहता येतो. याउलट एखाद्या हिंदी विद्यार्थ्याने लंडनच्या नोंदणी कचेरीत इंग्रज मुलीशी लग्न करून तिला तिथेच सोडले असेल, तर क्यूच्या मालिकेतच पाहावे. हिंदू नवऱ्याचा धर्मशास्त्राचा आधार अशा लग्नाला बाधक नाही, हे १९०९ च्या चेट्टी खटल्यात ठरलेले आहे.

शेवटी एक बारीकशी गोष्ट, जी कुठल्याच अभिलेखागारात मिळणार नाही. आमच्या फाइलमधल्या एका प्रतिज्ञापत्रात घरमालकिणीने शपथेवर सांगितले आहे की रोमन 'ए' अशी खूण केलेल्या छायाचित्रातला गणवेशातला माणूस तिच्याकडे वरच्या मजल्यावर एका बाईसह राहत होता. छायाचित्र फाइलमध्ये नाही. अशा पुराव्याच्या वस्तू दावा संपल्यावर पक्षकारांच्या वकिलांकडे परत जात. तेव्हा घरातल्या बिस्किटांच्या जुन्या डब्यांत कुणाही नातलगाला ओळखू न येणारा सैनिकाचा फोटो असेल, तर तो उलटून पाहावा. आमच्या फोटोच्या पाठीवर शाईने काढलेले रोमन 'ए' आहे आणि खाली शपथ देणाऱ्या कमिशनरची सही.